शिलाई मशीनवरचं इंजिन

८ जानेवारी

प्रिय मिस्त्री,

पाकिटावर माझं अक्षर बघितलंस की तू हे पत्र सरळ ताईच्या हातात देशील. देऊ नकोस. पत्र तुला आहे आणि स्कूटरबद्दल आहे.

स्कूटरने आता मान टाकली आहे. किकमध्ये दमच उरलेला नाही. पाय ठेवला की सरळ खाली जाते, जसं काही आत कुणी राहतच नाही. सुरू झालीच तर मागे इतका पांढरा धूर, की गल्लीतली माणसं खिडक्या लावून घेतात. शाळेच्या चढावर मी उतरून ढकलतो आणि पोरं ओरडतात, "सर, धक्का देऊ का?" मी प्रयोगशाळेतला मदतनीस. सर म्हणून हाक फक्त ढकलतानाच मिळते.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "काका, नवीन इंजिन टाका, नाहीतर भंगारात द्या." नव्या इंजिनाचा आकडा ऐकला आणि हातातला चहा अर्धा ठेवून उठलो. माझा पगार तुला माहीत आहे. तू एवढी वर्षं इंजिनांत हात घालतोयस, तूच सांग. काय ठेवता येईल आणि काय बदलावंच लागेल? काम मी स्वतः करीन. संध्याकाळी वेळच वेळ असतो. घरात बोलायला कुणी नाही.

तुमच्या आई गेल्या त्या दिवशी ही स्कूटर वाटेत बंद पडली नसती, तर तुझ्या ताईची बस चुकली नसती, आणि तिकडे गेलेली ती तिकडेच राहिली नसती. एकदा हे इंजिन सरळ केलं की बाकीचंही जागेवर येईल, असं मला सारखं वाटतं.

ती कशी आहे? खोकला थांबला का?

तुझा भाऊजी

१९ जानेवारी

भाऊजी,

पत्र ताईला दाखवलं नाही, पण पोस्टमनकडून घेतलं तिनेच. अक्षर बघितलं, माझ्या हातात दिलं आणि मापाची टेप घेऊन बाहेर पडली. खोकला बरा आहे.

आता इंजिन. नवीन मुळीच टाकू नका. किक सैल पडते म्हणजे पिस्टन आणि रिंगा झिजल्यात, दाब धरत नाहीत. पांढरा धूर म्हणजे क्रँकजवळचं सील गेलंय आणि गिअरबॉक्सचं ऑईल आत ओढलं जातंय. इंजिन खाली उतरवा. सिलिंडर काढून मला पार्सल करा. मी आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला आतून बोअर मारून देतो, म्हणजे एक साईज मोठा पिस्टन नीट बसेल. मजुरीचं मी बघतो. क्रँकचा रॉड हाताने वर-खाली ओढून बघा. टकटक लागली तर कळवा, नाही लागली तर आहे तोच ठेवा. क्लच, गिअर, मॅग्नेट सगळं जुनं चालेल.

पण बेअरिंग आणि सील नवीनच घ्या. बाहेरून दिसत नाहीत म्हणून जुनी बसवाल आणि सहा महिन्यांत सगळं पुन्हा उघडत बसाल. तुमचा स्वभाव ठाऊक आहे म्हणून पुन्हा लिहितो, बेअरिंग आणि सील.

ताईचा एक निरोप आहे. तिचं शिलाई मशीन पाठवून द्या. इथे तिला पडद्यांची कामं मिळायला लागलीत. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेते आणि पडदे शिवून देते. सध्या माझ्या बायकोच्या हातमशीनवर ओढतेय, पण जाड कापड आलं की ते अडून बसतं. ट्रान्सपोर्टवाले टेबलासकट पोचवतात. भाडं ती इथे भरणार आहे.

मिस्त्री

४ फेब्रुवारी

प्रिय मिस्त्री,

उतरवलं! एकट्याने. दोन दिवस पाठीत कळ होती, पण उतरवलं.

जमिनीवर बसून काम होईना. मग मागच्या खोलीत खिडकीखाली तुझ्या ताईचं मशीन आहे ना, ते टेबलाच्या पोटात दुमडून टाकलं, टेबलाचीच फळी वर बंद केली, जुने पेपर पसरले आणि त्यावर इंजिन ठेवलं. उंची अगदी बरोबर. उजेड तर असा येतो, की बारीकातला बारीक स्क्रू दिसावा. तुझी ताई या जागेवरून उठायला का तयार नसे, ते आत्ता कळलं. तिच्या बटणांच्या डब्या होत्या तिथेच. बटणं एका पिशवीत ओतली आणि डब्यांत नट-बोल्ट वेगवेगळे ठेवले. आता एकही हरवणार नाही.

आतला प्रकार बघवत नाही. पिस्टनवर उभे ओरखडे, एक रिंग तुटून तिचा तुकडा खोबणीत अडकलेला. सील तर इतकं कडक झालंय, की बोटाने दाबलं तर मोडलं. असं असून ही बिचारी रोज मला शाळेत नेत होती, याचंच नवल. रॉडला टकटक नाही. तीनतीनदा ओढून बघितला. बेअरिंगच्या दुकानात वापरलेल्या मालाचा ढीग होता आणि माझा हात तिकडे गेलाही होता, पण तुझं पत्र खिशात होतं. नवीनच घेतली.

सिलिंडर आजच पार्सल केला.

मशीनचं म्हणशील, तर आता त्याच्यावर इंजिन उघडून पडलंय. कसं पाठवू? शिवाय थोड्या दिवसांसाठी एवढं धूड तिकडे पाठवायचं आणि पुन्हा इकडे आणायचं, कशाला तो दुहेरी खर्च? इंजिन झालं की मी स्वतःच येतो. तिला म्हणावं, जरा कळ काढ.

तुझा भाऊजी

२० फेब्रुवारी

भाऊजी,

सिलिंडर बोअर करून पाठवतोय, सोबत पिस्टन आणि रिंगा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवा. रिंगा बसवताना जोर करू नका, त्या काचेसारख्या असतात. दोन्हींची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. सगळं ऑईलने भिजवून मगच सिलिंडर खाली सरकवा.

मशीनचं ताईला सांगितलं. त्यावर इंजिन ठेवलंय हे सांगायचा धीर झाला नाही. भाऊजी म्हणतात इंजिन झालं की स्वतः येतो, एवढंच सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मी त्यांना यायला सांगितलं नव्हतं. मशीन पाठवायला सांगितलं होतं." तिचे शब्द होते तसे लिहितोय.

इथे एका नव्या घराच्या सगळ्या खिडक्यांचं काम तिला मिळालं होतं. हातमशीनवर वेळेत होईना. त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

आजवर बोललो नाही ते लिहितो. शेवटच्या दुपारी आई सारखी दाराकडे बघत होती. दार वाजलं की विचारायची, "आली का?" मी म्हणायचो, "निघालीय." संध्याकाळी विचारायची थांबली. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. पण स्कूटर बंद पडली, एवढंच त्या दिवशी झालं असं मला वाटत नाही. ताईशी बोला, भाऊजी. पत्र लिहायचं तर तिला लिहा, मला नको.

मिस्त्री

६ मार्च

प्रिय मिस्त्री,

तू लबाड आहेस. पार्सल उघडलं, पुठ्ठ्याखाली निळं पडद्याचं कापड. सिलिंडर त्यात बाळासारखा गुंडाळलेला, आणि कापडाच्या कडेला बारीक टीप. ही टीप कुणाच्या हातची ते मला सांगावं लागत नाही. लग्न झाल्यापासून माझे शर्ट त्याच टीपेवर उभे आहेत. ती तोंडाने काही म्हणो, हाताने मला जे कळवायचं ते कळवलंन. ते कापड मी धुऊन ठेवलंय.

आईंचं लिहिलंस ते वाचलं. परत वाचलं.

इंजिन बांधलं. रिंगा दोनदा उचलून परत खाली ठेवल्या, शेवटी बाहेर जाऊन एक चक्कर मारून आलो. मग बसल्या. इंजिन पुन्हा गाडीत चढवलं, पेट्रोल सोडलं, किक मारली. पाय अर्ध्यातच अडला. आतून कुणीतरी उलटं ढकलतंय, इतका दाब! सुरुवातीला नुसती फुर्र झाली, मग धरलं तिने. धूर नाही, खरखर नाही, नुसता गोल, भरलेला आवाज. मी अंगणात एकटाच हसत उभा होतो.

मागची सीट नवीन शिवून घेतली, जाड फोमची. तुझ्या ताईला लांबच्या प्रवासात कंबर त्रास देते. सीटवाल्याने सांगितले तेवढे पैसे दिले, विश्वास बसणार नाही तुझा.

महिनाअखेरच्या सुट्टीत निघतो. मधे एक रात्र मुक्काम करीन. तिला सांगू नकोस, अचानक येऊ दे.

तुझा भाऊजी

१४ मार्च

भाऊजी,

घाईत लिहितोय, कारण हे तुम्ही निघायच्या आत पोचायला हवं.

अचानक येऊ नका. आधी ताईला चार ओळी टाका, काय म्हणते बघा. आणि येणारच असाल तर मशीन आधी ट्रान्सपोर्टला लावून या. दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं करा.

इंजिन नवं बांधलंय. सुरुवातीला सावकाश चालवा, मधेमधे थांबून गार होऊ द्या, आणि मागे कुणाला बसवू नका. अंगवळणी पडायच्या आत ओझं घातलं तर पिस्टन जाम होतो.

मिस्त्री

३१ मार्च

भाऊजी,

सुखरूप पोचलात का? जाताना वळणावर तुम्ही मागे बघितलं नाहीत, म्हणून विचारतोय. माझं चौदा तारखेचं पत्र तुम्हाला मिळालंच नव्हतं, ते तुम्ही निघाल्यावर तरी तिथे पोचलं असेल.

एक सांगायचंय. ते निळं कापड मीच गुंडाळलं होतं. ताई शिवायला बसते तिथे खाली उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, त्यातली हाताला लागली ती घेतली. सिलिंडर पार्सल होतोय हेही तिला माहीत नव्हतं. तुमचं पत्र आलं तेव्हाच मला हे सांगता आलं असतं. पण तुम्ही इतक्या आनंदाने लिहिलं होतंत, की जिवावर आलं. एवढ्याने काय बिघडतंय, असं वाटलं. तुम्ही त्या कापडाच्या भरवशावर एवढ्या लांब आलात, हे फाटकात तुमचा चेहरा बघितला तेव्हा कळलं.

आणि तुम्ही सीटवर हात फिरवून ताईला "चल, बस" म्हणालात, तेव्हा मी मधे पडून "नवं इंजिन आहे भाऊजी, डबल सीट नको" म्हटलं, तेही तुम्हाला वाचवायला नव्हतं. माझ्याच्याने तिचं उत्तर ऐकवलं नसतं. मग जेवताना आपण तिघंही तेच बोलत राहिलो, किती दिवस डबल सीट टाळावी, ऑईल कधी बदलावं. ताईसुद्धा. जसं काही तेवढ्यासाठीच ती थांबलीय.

चुकलं माझं.

मिस्त्री

१२ एप्रिल

यांस,

भाऊ म्हणाला, तू स्वतः लिहिल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. म्हणून लिहितेय.

तुम्ही आलात तेव्हा मी भाऊच्या घरीच वरच्या खिडकीत माप घेत उभी होते. खालून स्कूटरचा आवाज आला आणि आपलीच असं क्षणभर वाटलं नाही, इतका तो बदललाय. खाली आले. तुम्ही धुळीने माखलेले, डोळ्यांभोवती चष्म्याचे गोल, आणि हसत होतात. मला बरं वाटलं, खोटं सांगत नाही. मग मी मागे बघितलं. मला वाटलं, मशीन कुठल्यातरी टेम्पोने मागून येतंय. "मशीन?" म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "घरीच आहे की. चल, बस." नवीन सीट दाखवलीत. माझ्या कंबरेसाठी शिवून घेतलीत, हे भाऊने नंतर सांगितलं.

माझा राग स्कूटरवर कधीच नव्हता. आई गेली त्या दिवशी ती पुलाच्या तोंडाशी बंद पडली. गाड्या बंद पडतात. समोर टॅक्सी उभी होती. मी म्हणाले, टॅक्सी करूया. तुम्ही म्हणालात, "आत्ता होईल सुरू." तुम्ही प्लग काढून पुसायला लागलात. मी पुन्हा म्हणाले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एवढ्याशा अंतराला टॅक्सी कशाला?" टॅक्सीवाला आपल्याकडे बघत होता. मग दोन माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. आपण स्टँडवर पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता.

तुमच्या काटकसरीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यावरच आपली मुलगी शिकली आणि मार्गी लागली. मला खुपतं ते वेगळंच. माझ्या पर्समध्ये पैसे होते. मी स्वतः हात केला असता, दार उघडून बसले असते, तर आईला भेटले असते. पण मी बॅग घेऊन तुमच्या पाठीकडे बघत उभी राहिले, तुम्ही हो म्हणायची वाट बघत. इतकी सवय झाली होती. मुलीच्या शाळेपासून घरातल्या रंगापर्यंत सगळ्याला तशीच उभी राहिले, आणि तुम्ही कधी वाईट वागलात असंही नाही. तुम्ही फक्त वर बघितलं नाहीत.

परत आले तर पुन्हा तशीच उभी राहीन, याची मला भीती वाटते. म्हणून मी येणार नाही. तुमचं इंजिन अंगवळणी पडलं, डबल सीट चालायला लागली, तरी येणार नाही. हे मी अंगणातच सांगायला हवं होतं. भाऊने मधे तोंड घातलं आणि मीही त्याच्या आड लपले.

इथे ठीक चाललंय. एक जुनं मशीन हप्त्यावर घेतलंय, पण जाड कापडाला टाके सोडतं. माझं पाठवा. वहिनीची स्कूटर शिकतेय. एकदा पडले, गुडघा फुटला, आता बरा आहे.

भाऊने तुमचं इंजिन कान लावून ऐकलं. म्हणाला, वर्कशॉपमध्येसुद्धा इतक्या निगुतीने कुणी बांधत नाही. ते ऐकून मी आत जाऊन रडले. इतका जीव ओतता येतो तुम्हाला!

तब्येतीला जपा.

२ मे

तुला,

वर काय लिहावं ते सुचेना. तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नव्हती. गावाला गेलीस तरी तूच लिहायचीस आणि मी पुढचं पत्र यायच्या आत तुला परत आणायचो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला उत्तर द्यायचं होतं. पहिल्या कागदावर मी टॅक्सीचा हिशेब मांडायला लागलो, की तेव्हा महिनाअखेर होती आणि खरंच वाटलं होतं सुरू होईल. लिहिता लिहिता माझं मलाच कळलं की मी पुन्हा प्लग पुसतोय. तो कागद फाडला. तू दोनदा म्हणालीस, हे मला आठवतच नव्हतं. एकदाच म्हणालीस असं माझ्या डोक्यात होतं. म्हणजे दुसऱ्यांदा मी ऐकलंसुद्धा नाही.

मशीन काल ट्रान्सपोर्टला दिलं. भाडं इथेच भरलं, तू देऊ नकोस. आधीच पाठवलं असतं, पण टेबलाच्या फळीत ऑईल मुरलं होतं. हो, इंजिन मी तुझ्या मशीनवर उघडलं होतं. भाऊने हे तुझ्यापासून लपवलं, त्याला बोलू नकोस. फळी सुताराकडे नेली. तो म्हणाला, रंधा मारला तरी डाग वर येत राहणार आणि तुमच्या पांढऱ्या पडद्यांना लागणार. मी नवी फळी बसवून घेतली. त्याने कुठलं लाकूड विचारलं, तर मला सांगता येईना. तू असतीस तर तुला विचारलं असतं, असं म्हणणार होतो, पण तू होतीस तेव्हाही मी विचारलं नसतंच. गुळगुळीत आहे, कापड अडकणार नाही.

बटणांच्या डब्या धुतल्या, आणि बटणं परत लावायला बसलो. पिशवीत सगळी एकत्र झाली होती. कुठलं कुठल्या डबीत होतं, ते काही केल्या आठवेना. इतकी वर्षं त्या डब्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. शेवटी रंगांवरून लावली आहेत. चुकलं असेल. तू नीट लावून घे.

निळं कापड मी ठेवून घेतलं आहे. तू पाठवलेलं नाहीस, हे माहीत आहे.

मागची खोली आता मोकळी वाटते. खिडकीखाली टेबलाच्या चार खुरांचे ठसे तेवढे उरलेत.

काल ट्रान्सपोर्टवरून परत येत होतो. गाडी सुरेख चालते, शाळेच्या चढावरही कुरकुरत नाही. फाटकात शेजारचे काका भेटले. म्हणाले, "वा! झाली का एकदाची? मग आता वहिनींना आणायला कधी जाताय?" मी इतके महिने गल्लीत सगळ्यांना सांगत होतो, भावाकडे जरा काम आहे, येईल. जीभ सवयीने तेच म्हणायला वळली होती. इंजिन बंद करायचं राहिलं होतं, ते तसंच चालू होतं. मी म्हणालो, "ती येणार नाही. तिकडे तिचं काम आहे. तिकडेच राहणार."

काका स्कूटरकडे बघून म्हणाले, "आवाज मात्र छान येतोय हो."

"हो," म्हटलं, "इंजिन चांगलं झालंय."